न झालेल्या युद्धांच्या कथा आणि त्यांवर झालेली भांडणे

मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षाच्या चार दिवसांत एका रात्री काही वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त करून टाकले होते. सकाळी बंदर जागच्या जागी होते. उदगीरच्या आमच्या वाचक मंडळाच्या पुढच्याच बैठकीत त्यावरून विषय निघाला. मंडळातले एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "वाहिनीने न झालेली लढाई दाखवली तर आपण तिला खोटारडी म्हणतो, आणि लेखकाने न झालेली लढाई लिहिली तर त्याला साहित्यिक म्हणतो. हा न्याय कोणता?" त्याच बैठकीला एका तरुण सभासदाने काल्पनिक युद्धांच्या इंग्रजी कथांचा एक जाडजूड संग्रह आणला होता. त्याची अडचण अशी होती की, ज्या दोघा जाणकारांच्या शब्दावर विसंबून तो पुस्तके घेतो, त्यांपैकी एकाने हा संग्रह अवश्य वाचावा असे म्हटले होते, तर दुसऱ्याने तो युद्धाची जाहिरात ठरवून बाजूला सारला होता.

गुरुजींचा प्रश्न आणि या तरुणाची अडचण ही एकाच मुळाला फुटलेली दोन धुमारे आहेत. अशा कथांबद्दल जाणकारांचे एवढे टोकाचे मतभेद का होतात, हे समजले की दोहोंची उत्तरे बरीचशी हाती लागतात.

आधी दोन शब्द

‘असे झाले तर काय होईल’ किंवा ‘असे झाले असते तर काय झाले असते’ या प्रश्नावर जी कथा उभी राहते तिला अनुमानकथा म्हणू. आपल्याला परिचित असलेली विज्ञानकथा हा तिचाच एक प्रकार आहे. अनेक लेखकांच्या कथा एका सूत्राने निवडून, क्रम लावून, प्रस्तावना जोडून जे पुस्तक होते त्याला संकलन म्हणू. लेखात याहून जास्त परिभाषा लागणार नाही.

शेतात दारे धरलेल्या माणसाला अनुमानकथा निराळी समजावून सांगावी लागत नाही. पाटाने येणारे पाणी एका ठिकाणी बांध फोडून दुसऱ्या सरीत वळवायचे, आणि ते कुठवर जाते ते पाहायचे, एवढेच तिचे काम असते. लेखकाला बांध फोडण्याची मुभा आहे, आणि ती आपण त्याला आनंदाने देतो. मात्र त्यानंतर पाणी उताराकडेच वाहिले पाहिजे. ते चढावर जाऊ लागले की वाचक पुस्तक मिटतो. काल्पनिक युद्धाच्या कथेला लावायची पहिली कसोटी ही आहे, आणि ती कथा चांगली की वाईट हे ठरवायला ती एकटी पुरत नाही, हे पुढे दिसेल.

एका कथेमुळे पंतप्रधानाला बोलावे लागले

या प्रकाराची सुरुवात म्हणून बहुतेक अभ्यासक मे १८७१ कडे बोट दाखवतात. त्या महिन्यात ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’ या ब्रिटिश मासिकात ‘द बॅटल ऑफ डॉर्किंग’ ही कथा लेखकाच्या नावाविना छापून आली. फ्रान्सचा प्रशिया या जर्मन राज्याने नुकताच दारुण पराभव केला होता आणि तशी वेळ आपल्यावर आली तर, ही धास्ती इंग्लंडमध्ये होती. कथेत एक म्हातारा आपल्या नातवंडांना पन्नास वर्षांपूर्वीची हकिगत सांगतो: आरमार बुडाले, शत्रू किनाऱ्यावर उतरला, लंडनच्या दक्षिणेला असलेल्या डॉर्किंग गावाजवळ आपली फौज मोडली आणि साम्राज्य संपले. शत्रूच्या देशाचे नाव कुठेही नाही, पण त्याचे सैनिक जर्मन बोलतात.

लेखक जॉर्ज चेस्नी हा बंगाल इंजिनिअर्समधला अधिकारी होता आणि १८५७ मध्ये दिल्लीच्या वेढ्यात जखमी झालेला होता. कथेत इंग्लंडची फौज अपुरी का पडते, तर तिचा एक हिस्सा हिंदुस्थानातला उठाव मोडायला गेलेला असतो. दुसऱ्याच्या मुलखावर राज्य करणाऱ्याला आपल्या अंगणात परकी फौज उतरल्याचे स्वप्न पडावे, हे मराठी वाचकाच्या नजरेतून सुटणे कठीण आहे. त्या काळच्या इंग्रज टीकाकारांना मात्र त्यात विशेष काही वाटलेले दिसत नाही.

कथा लगेच पुस्तिकेच्या रूपात निघाली आणि हजारोंनी खपली. तिचे खरे परीक्षण झाले ते दोन ठिकाणी. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये व्हिटबी येथील भाषणात अशा घबराटीपासून सावध राहण्याचा इशारा दिला. घबराट पसरली की लष्करावरचा खर्च वाढतो आणि जगात हसेही होते, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. दुसरीकडे इतर लेखकांनी कथेला कथेनेच उत्तर दिले: त्याच वर्षी निघालेल्या काही पुस्तिकांमध्ये डॉर्किंगनंतर इंग्लंड कसे जिंकले हे रंगवलेले होते. एकाने पराभव कल्पिला, दुसऱ्याने त्याच्या पुढे विजय कल्पून हिशेब चुकता केला. या सगळ्या गदारोळात कथेतील म्हाताऱ्याचा खचलेला, स्वतःलाच दोष देणारा सूर, जो मला त्या कथेतला सर्वांत टिकाऊ भाग वाटतो, त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

तीच कथा, पंगत वेगळी

शंभर वर्षांनंतर हीच कथा संकलनांत येऊ लागली. मायकेल मूरकॉक यांनी १९७५ मध्ये संपादित केलेल्या ‘बिफोर आर्मागेडन’ या संग्रहात ती आहे, आणि काल्पनिक युद्धांच्या साहित्याचे मोठे अभ्यासक आय. एफ. क्लार्क यांच्या १९९५ मधील ‘द टेल ऑफ द नेक्स्ट ग्रेट वॉर’ या संकलनातही आहे. शब्द तेच होते. तरीही १८७१ चा वाचक ती ‘उद्या आपले काय होणार’ म्हणून वाचत होता आणि १९९५ चा वाचक ‘त्या काळी लोक कशाला घाबरत होते’ म्हणून वाचू लागला.

लग्नाच्या पंगतीत आपल्या शेजारी कोण बसले आहे यावर आपण काय बोलतो, किती जेवतो, किती हसतो हे ठरते. संकलनातल्या कथेचेही तसेच आहे. एकटी असताना जी कथा युद्धाचा धसका देणारी वाटते, तीच पाच रणगर्जनांच्या शेजारी बसवली की सहावी रणगर्जना वाटू लागते. आणि तीच जखमी शिपायाच्या एखाद्या शांत कथेनंतर आली तर तिच्यातला उपरोध ऐकू येतो. त्यामुळे संकलनाचे परीक्षण म्हणजे त्यातल्या कथांच्या परीक्षणांची बेरीज होत नाही. निवड, क्रम आणि प्रस्तावना यांतून संपादकही काहीतरी बोलत असतो आणि ते बोलणे स्वतंत्रपणे तपासावे लागते.

यात एक व्यावहारिक अडचणही आहे. वीस कथांच्या पुस्तकावर परीक्षकाला हजारभर शब्द मिळतात, आणि तो तीन-चार कथांवरच थांबतो. लातूरच्या मोंढ्यात पोत्यात हात घालून मूठभर सोयाबीन बाहेर काढतात, त्यातली ओल, माती आणि डागी दाणा पाहून भाव बोलतात. मूठ वरून घेतली की तळातून, यावर शेतकऱ्याचा आणि खरेदीदाराचा वाद होतो, तो पाहिलेल्या माणसाला परीक्षणांमधल्या विसंगतीचे नवल वाटणार नाही. आमच्या तरुण सभासदाने ते दोन्ही अभिप्राय पुन्हा काढून पाहिले, तेव्हा दोन्ही जाणकारांनी ज्या कथांची नावे घेतली होती त्यांत एकही कथा समान नव्हती.

संकलनाला संकलनाने दिलेले उत्तर

या प्रकारातले सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. जेरी पोर्नेल यांनी १९८३ पासून ‘देअर विल बी वॉर’ या नावाची संकलनमाला सुरू केली. १९९० पर्यंत तिचे नऊ खंड झाले. ‘युद्ध होणारच’ हे नावच एक भूमिका सांगत होते. खंडांमध्ये कथांच्या जोडीला कविता आणि संरक्षण धोरणावरचे लेखही होते. पोर्नेल हे अंतराळ धोरणावर सरकारला सल्ला देऊ पाहणाऱ्या एका नागरी गटाचे अध्यक्ष होते, आणि अध्यक्ष रेगन यांनी क्षेपणास्त्रे आकाशातच अडवणाऱ्या संरक्षण योजनेची घोषणा केली तीही मार्च १९८३ मध्येच. अशा वेळी हे पुस्तक कोणी निव्वळ करमणूक म्हणून हातात घेईल, अशी अपेक्षा खुद्द संपादकाचीही नसावी.

या मालेला १९९१ मध्ये हॅरी हॅरिसन आणि ब्रूस मॅकअलिस्टर यांनी ‘देअर वोन्ट बी वॉर’, म्हणजे ‘युद्ध होणार नाही’, हे संकलन काढून उत्तर दिले. एखाद्या पुस्तकावर याहून सविस्तर परीक्षण मला ठाऊक नाही. हॅरिसन स्वतः दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते, त्यामुळे लष्कर काय असते हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. ज्या वर्षी हे पुस्तक आले त्याच वर्षाच्या सुरुवातीला आखाती युद्ध झाले, ही मात्र नावाची थट्टाच झाली.

या दोन पुस्तकांतून वाद नेमका कशाचा आहे ते उघडे पडते. पोर्नेल यांच्या बाजूचा वाचक म्हणतो की युद्ध टळत नाही, तेव्हा त्याचा विचार आधीच करून ठेवलेला बरा. समोरचा वाचक म्हणतो की युद्ध अटळ आहे असे पुनःपुन्हा सांगितल्यानेच ते अटळ होत जाते. दोघेही कथेबद्दल बोलत आहेत असे वरवर वाटते. प्रत्यक्षात ते माणसाच्या स्वभावाबद्दल बोलत असतात, आणि म्हणून कोणतीही कथा दाखवून हा वाद मिटत नाही.

भाकीत खरे ठरले तर कथा श्रेष्ठ नव्हे काय?

हा आक्षेप आमच्या बैठकीतही जोरात आला. सर्वसाधारण वाचकाला ही कसोटी सर्वांत न्याय्य वाटते, म्हणून तिच्यावर थोडे थांबू.

जुलै १९१४ च्या ‘स्ट्रँड’ मासिकात आर्थर कॉनन डॉइल यांची ‘डेंजर!’ ही कथा आली. नॉरलंड नावाचा एक काल्पनिक चिमुकला देश केवळ आठ पाणबुड्यांच्या बळावर इंग्लंडकडे धान्य आणणारी व्यापारी जहाजे बुडवतो आणि बलाढ्य आरमार असलेल्या देशाला उपासमारीने नमवतो, असे तिचे कथानक आहे. मासिकाने कथेसोबत आरमारी तज्ज्ञांची मते छापली. त्यांतल्या काहींना हा प्रकार अशक्य वाटला. कोणतेही सुसंस्कृत राष्ट्र निःशस्त्र व्यापारी जहाजे बुडवणार नाही, असेही सांगण्यात आले. पुढच्याच महिन्यात इंग्लंड महायुद्धात उतरले आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये जर्मनीने ब्रिटिश बेटांभोवतीचा समुद्र पाणबुडी युद्धाचा टापू म्हणून जाहीर केला.

म्हणजे तज्ज्ञ चुकले आणि कथाकार बरोबर ठरला. एवढे होऊनही ‘डेंजर!’ ही कथा आज वाचताना कोरडी लागते, कारण तिच्यात माणसे जवळजवळ नाहीत. पाणबुड्या, अंतरे आणि बुडालेल्या जहाजांची यादी आहे. उलट डॉर्किंगची लढाई कधीच झाली नाही, तरी तो म्हातारा लक्षात राहतो. क्लार्क यांनी अशा शेकडो कथा तपासून दाखवले आहे की, १९१४ पूर्वीच्या बहुसंख्य लेखकांनी येणारे युद्ध चटकन संपणारे, शौर्याने निकाली निघणारे असेच कल्पिले होते. खंदकांत चार वर्षे सडणाऱ्या माणसांची कल्पना फार थोड्यांना करता आली. भाकिताची कसोटी लावली तर हे सगळे साहित्य रद्दीत जाईल. तरी ते वाचले जाते, कारण लोकांना कशाची भीती वाटत होती आणि कशाची खुमखुमी होती, हे त्याच्याइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही.

अलीकडे लष्करेही या कामात उतरली आहेत. फ्रान्सच्या संरक्षण यंत्रणेने २०१९ मध्ये विज्ञानकथाकारांचा एक गट नेमण्याची कल्पना मांडली आणि पुढे त्यांच्याकडून भावी संघर्षांची चित्रे लिहून घेतली. अशा लेखनाचा उपयोग झाला की नाही ते लष्कर ठरवील. वाचकाने त्यासाठी कसोटी बदलण्याचे कारण नाही.

अशा कथांनी युद्धखोरी वाढते काय?

काही वेळा वाढते, आणि ती कशी वाढते याचा एक नमुना नोंदवण्यासारखा आहे. विल्यम ल क्यू यांची ‘द इन्व्हेजन ऑफ १९१०’ ही कादंबरी १९०६ मध्ये ‘डेली मेल’ या वृत्तपत्रातून क्रमशः आली. जर्मन फौज कोणत्या गावांवरून लंडनकडे सरकते हे लेखकाने लष्करी दृष्टीने योजले होते. वृत्तपत्राच्या मालकांनी तो मार्ग बदलायला लावला आणि जिथे अंकाचा खप वाढवता येईल अशा मोठ्या गावांवरून फौज नेली. दाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर इथे पाणी सरळ चढावर नेले आहे, आणि तेही विक्रीसाठी. गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडते. लेखक ‘समजा’ म्हणून परवानगी मागतो आणि वाहिनी ‘झाले’ म्हणून सांगते, हा दोहोंतला पहिला फरक. पण जो लेखक वृत्तपत्राच्या पानावर, बातमीच्या शेजारी, बातमीचाच वेष घालून ‘समजा’ हा शब्द पुसट करत नेतो, तो वाहिनीच्या रांगेत जाऊन बसतो.

या लाटेची सर्वांत नेमकी समीक्षा एका विनोदी लेखकाने केली. पी. जी. वुडहाउस यांनी १९०९ मध्ये ‘द स्वूप!’ या छोट्या पुस्तकात इंग्लंडवर एकाच वेळी नऊ फौजा उतरवल्या, क्रिकेटच्या धावफलकाच्या गर्दीत आक्रमणाची बातमी टाकली, आणि देश वाचवण्याचे काम क्लॅरेन्स नावाच्या एका बालवीराकडे दिले.

गंभीर समीक्षेचा प्रश्न याहून खोल जातो. ऑर्सन स्कॉट कार्ड यांची ‘एंडर्स गेम’ ही कथा १९७७ मध्ये आली आणि पोर्नेल यांच्या पहिल्या खंडात समाविष्ट झाली. १९८५ मध्ये तिची कादंबरी झाली, तिला विज्ञानकथेचे ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही मोठे सन्मान मिळाले. सराव समजून खेळत असलेला मुलगा प्रत्यक्षात एक अख्खी परग्रहवासी जात नष्ट करतो, असे तिचे सूत्र आहे. जॉन केसेल यांनी २००४ मध्ये एका प्रदीर्घ निबंधात असा आक्षेप घेतला की, कादंबरीची सगळी मांडणी मुलाचा हेतू शुद्ध ठेवून संहाराचे ओझे त्याच्या अंगावरून उतरवण्यासाठी केलेली आहे. म्हणजे कथेत युद्ध आहे हा दोष नव्हे. मारणाऱ्याला निर्दोष ठेवण्यासाठी लेखकाने किती खटपट केली आहे, ते पाहा, असे केसेल सांगतात. मला हा आक्षेप पटतो, आणि कादंबरी आवडते हेही खरे आहे.

पानिपत जिंकलो असतो तर

आमच्या गावात बसून हा विषय परका राहत नाही. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला उदगीर येथे हरवले, त्याच विजयानंतर परतूरला मसलत होऊन ते उत्तरेकडे निघाले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. ‘उदगीर हरलो असतो तर पानिपत टळले असते का’ हा प्रश्न आमच्याकडे किल्ल्याच्या तटावर बसून शाळकरी मुलेही घालतात.

मराठीत या जातीची सर्वांत गाजलेली कथा जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही आहे. तिचे इंग्रजी रूप अकरावीच्या पाठ्यपुस्तकात अनेकांनी वाचले असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा एका जगात जाऊन पोहोचतात, जिथे विश्वासरावांना लागणारी गोळी हुकली आणि मराठे जिंकले. तिचे कौतुक बहुधा वैज्ञानिक कल्पनेसाठी होते, पण उताराची कसोटी तिलाही लावून पाहावी. पानिपतावर फौजेची रसद तुटलेली होती आणि माणसे-जनावरे उपाशी होती. मग एका गोळीने एवढे पाणी वळते काय? यावर असे म्हणता येईल की विश्वासराव पडल्याचे पाहून फौजेचा धीर सुटला, म्हणून गोळीला तेवढे महत्त्व आहे. दोन्ही बाजूंनी बोलता येते, हे मी कथेचे यश मानतो. गंगाधरपंतांना ते दुसरे जग आवडते, तरी लेखक त्यांना तिथे राहू देत नाही. बखरीचे एक फाटके पान खिशात घेऊन ते परत येतात. इच्छापूर्तीची कथा आणि चौकशीची कथा यांतला फरक त्या परतण्यात आहे.

आता एक अवघड बाब. निजामाच्या हैदराबाद संस्थानावरच्या सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईवर, म्हणजे ती झालीच नसती किंवा लांबली असती तर काय, यावर मराठवाड्यातल्या लेखकांच्या कथांचे एखादे संकलन निघाले, तर त्याचे परीक्षण कसे होईल? रझाकारांच्या अत्याचारांच्या आठवणी घराघरात आहेत. कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुजरले त्याची नोंद पंडित सुंदरलाल समितीने केली आणि सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत नांदेड व तेव्हाचे उस्मानाबाद यांची नावे घातली. तो अहवाल कित्येक वर्षे उघड झाला नव्हता. अशा संकलनात कोणाची कथा आहे यापेक्षा कोणाची नाही, हे आधी पाहावे लागेल. पंगतीत कोणाला बोलावणेच गेले नव्हते, हे वाढलेल्या ताटांवरून कळत नसते.

आमच्या तरुण सभासदाने पुढच्या बैठकीसाठी एक युक्ती केली. संग्रहाची प्रस्तावना झाकून ठेवून त्याने प्रत्येकाला वेगवेगळ्या क्रमाने चार कथा वाचायला दिल्या. चौघांनी चार निराळे अभिप्राय आणले. मुख्याध्यापक गुरुजींच्या वाट्याला शेवटच्या कथेपासून सुरू होणारा क्रम आला होता, आणि त्यांचे म्हणणे पडले की पुस्तक युद्धाच्या विरोधात आहे. मग प्रस्तावना उघडली. संपादकाने नेमके उलट लिहिले होते. गुरुजी अजूनही आपल्या मतावर ठाम आहेत आणि पुढच्या महिन्यात ते लेखी मांडणार आहेत.